गवताच्या भाऱ्यासमोर

"ते वरचं सगळं घेऊन जा गं, पुट्टी. धनुष्य, बाण, गवत, सगळं. मला आता ते डोळ्यांसमोर बेडा."

अक्काने हे 'बेडा', म्हणजे नको, असं सांगितलं तेव्हा मी नुकती दारातून आत आले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीहून महादेवपुऱ्याला यायचं म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. बस, मेट्रो, मग ऑटो, आणि शेवटी ऑटोवाल्याशी हुज्जत. माझ्या पायातल्या चपला निघाल्या नव्हत्या, हातात तिच्यासाठी आणलेली डाळिंबं होती, आणि पन्नाशी उलटलेल्या मला ती अजून पुट्टी, म्हणजे चिमुकली, म्हणत होती. अक्का माझी थोरली बहीण. खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, मांडीवर उशी आणि उशीवर उजवा हात. तो हात तिचा नव्हे, कुणाचा तरी सांभाळायला घेतला आहे असा.

उजव्या बाजूचा स्तन काढून काही महिने झाले होते. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. जखम छान भरली, तपासण्या बऱ्या आल्या, पण हात खांद्यापर्यंत वर जाईना. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. भिंतीवर बोटं चालवा, आंटी, थोडं वर, अजून थोडं वर. अक्का तिच्यासमोर चालवायची आणि तिची स्कूटी गल्लीबाहेर गेली की हात पुन्हा उशीवर. त्या मुलीने मला जिन्यात गाठून स्पष्ट सांगितलं होतं, हे असंच चाललं तर खांदा आखडेल आणि मग तो कोणालाच सोडवता यायचा नाही. मी अक्काला हे दोनदा ऐकवलं. तिने दोन्ही वेळा विषय बदलून मला जेवायला वाढायला सांगितलं.

"सरी," बरं या अर्थी मी म्हणाले आणि जिना चढले. आमच्या घरात 'का' असं विचारायची पद्धत नाही.

गच्चीवरच्या खोलीचं दार फुगलं होतं, खांदा लावून ढकलावं लागलं. आणि दार उघडताच तो वास आला. एरंडेलाचा, वाळलेल्या काडाचा, आणि त्यांच्या मागून कुठूनतरी नीलगिरीचा. नीलगिरीची झाडं जाऊन किती वर्षं झाली. जिथे ती होती तिथे आता उंच इमारती आहेत, सकाळी ऑफिसच्या कॅब त्यांच्या फाटकाशी रांग लावतात. तरी वास होता. मी तिथेच एका पिंपावर बसले आणि मला एकदम खूप रडू आलं. कोणासाठी ते मला सांगता येणार नाही.

हे घर चिक्कप्पांचं, म्हणजे आमच्या धाकट्या काकांचं. आमच्या घराण्याची मराठी या गावात इतकी जुनी की काकांना काका म्हणायचं आम्ही कधीच विसरून गेलो. चिक्कप्पा जंगलखात्यात होते. निम्मं आयुष्य मलेनाडूच्या डोंगरांतल्या पावसात भिजून आले आणि येताना तिथून बांबूचं धनुष्य करायची आणि चालवायची विद्या घेऊन आले. लग्न केलं नाही. आम्ही दोघी त्यांच्याकडे राहायला का आलो, ती गोष्ट निराळी आणि फार मोठी, ती इथे नको. आलो तेव्हा मी दुसरीत होते आणि अक्काच्या दोन वेण्या कमरेपर्यंत होत्या, एवढं पुरे.

तेव्हा या घरामागे काहीच नव्हतं. म्हणजे नीलगिरीची राई होती, राईपलीकडे केरे होतं, केरे म्हणजे तळं, आणि तळ्यावर थंडीत धुकं. लांब कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला की चिक्कप्पा दाराची कडी वाजवायचे. आम्ही मफलर गुंडाळून, तोंडातून वाफा काढत, ओल्या पाल्यावर पाय घसरवत त्यांच्यामागे जायचो. पायाखाली नीलगिरीची पानं चुरडली की तो वास नाकात झिणझिण्या आणायचा. राईच्या कडेला रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, काडाचा भारा उभा असायचा, गुंडाळून काथ्याने आवळलेला, माझ्याहून उंच. पावसाळ्यात तो कुबट व्हायचा, माघात त्याला उन्हाचा गोड वास यायचा, आणि उन्हाळ्यात उंदीर त्यात बिऱ्हाड करायचे.

धनुष्य मिळेल म्हणून मी पहिल्या दिवशी उड्या मारत गेले होते. तो अख्खा हिवाळा धनुष्य मिळालं नाही. नुसतं उभं राहायचं. पाय खांद्यांच्या रुंदीइतके, डावा हात सरळ समोर, आणि मनगटावर चिक्कप्पा होंगेची शेंग ठेवायचे. होंगे म्हणजे करंज, त्याची चपटी, तपकिरी शेंग. ती पडली की हात खाली, पुन्हा वर, पुन्हा शेंग. माझी शेंग टपकन पडायची. अक्काची पडायचीच नाही. तिचा हात असा असायचा की वाटे, यावर आता एखादी चिमणी येऊन बसेल.

"शेंग बघू नको," चिक्कप्पा मला म्हणायचे. "श्वास बघ. निधान, निधान."

निधान हा त्यांचा आवडता कानडी शब्द. सावकाश. जेवताना निधान, जिन्यावर निधान, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं की हमखास निधान.

मग बाण न लावता दोरी ओढायची. ओढायची आणि तितक्याच सावकाश परत आणायची. सोडायची मात्र नाही. रिकामी दोरी सोडली की बाणात जायचं ते बळ कांबेतच शिरतं आणि कांब तडकते. ओढणं कोणालाही येतं. परत आणताना दंडाला कंप सुटतो आणि बोटं रडकुंडीला येतात. या एका गोष्टीवर त्यांनी आमची कितीतरी महिने तालीम घेतली. मग कधीतरी बाण हाती आला, तोही डोळे मिटून मारायचा, भाऱ्याच्या इतक्या जवळ उभं राहून की चुकायची सोयच नाही. बाण गवतात शिरला की आवाज यायचा, थप्प. नीट सुटलेल्या दोरीचा आवाज निराळा आणि बोटांनी चोरलेल्या दोरीचा निराळा. तो फरक कानाला कळायला लागला तेव्हा मला वाटलं, मला सगळं आलं. त्याच आठवड्यात माझा बाण भारा सोडून शेजारच्या अज्जींच्या वाळत घातलेल्या सांडग्यांत गेला. चिक्कप्पा स्वतः जाऊन शिव्या खाऊन आले आणि सांडगेही घेऊन आले.

मी यथातथाच राहिले. मला सकाळ आवडायची, वास आवडायचे, परत येऊन चुलीपाशी प्यायची कॉफी आवडायची. अक्काचं तसं नव्हतं. ती शिकत होती. कसं ते मला तेव्हाही कळलं नाही. काल आणि आज यांत काही फरक दिसायचा नाही, आणि एक मोसम उलटला की लक्षात यायचं, ही कुठल्या कुठे गेली. चिक्कप्पा होंगेचं पान लोखंडी काट्याने भाऱ्यात टोचायचे आणि ती राईच्या या टोकाहून ते पाडायची. पाडलं की हसायची नाही, धनुष्याची दोरी उतरवायला घ्यायची. दोरी चढवलेली ठेवून कोणी घरात यायचं नाही, हा नियम. कांबेलाही पाठ टेकायला हवी, असं चिक्कप्पा म्हणत.

दसऱ्याचा वास मला अजून वेगळा काढता येतो. शेवंती, कापूर आणि रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याचा गर, त्यात कुंकू मिसळलेलं. नवमीला सायकल, विळी, पाण्याचा पंप आणि धनुष्य, सगळ्यांना हळदीकुंकू. त्या दिवशी धनुष्याला हात लावायचा नाही. दशमीच्या सकाळी चिक्कप्पा दोरी चढवायचे आणि भाऱ्यात टोचलेल्या बन्नीच्या पानावर वर्षाचा पहिला बाण मारायचे. बन्नी म्हणजे शमी, तिचं पान केवढंसं. आसपासची पाचपन्नास माणसं चुरमुरे खात बघायला उभी असायची.

एका वर्षी त्यांनी धनुष्य अक्काच्या हातात दिलं. "यंदापासून तू," एवढंच म्हणाले.

अक्काने नवी साडी नेसली होती, मोरपिशी. पदर खोचून उभी राहिली, बाण लावला, दोरी ओढली, हनुवटीपाशी आणली. आणि सोडली नाही. आम्ही वाट बघत राहिलो. कोणाचं तरी पोर रडायला लागलं, त्याला कोणीतरी गप्प केलं. अक्काच्या दंडाला कंप सुटलेला मला दिसत होता. मग तिने दोरी परत आणली, शिकवलं होतं तशी, निधान. श्वास घेतला, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. बोटं उघडतच नव्हती. तिने मान वळवून चिक्कप्पांकडे पाहिलं, आणि ती नजर मी आजवर विसरलेले नाही.

"साकु," चिक्कप्पा म्हणाले. पुरे. ते चालत भाऱ्याकडे गेले, काटा उपटला, बन्नीचं पान काढलं आणि परत येऊन अक्काच्या तळहातावर ठेवलं. दसऱ्याला सगळे म्हणतात तसं म्हणाले, "बन्नी घे, सोन्यासारखी राहा." मग दोरी उतरवली. लोक पांगले. घरी जाऊन आम्ही होळिगे खाल्ल्या, म्हणजे पुरणपोळ्याच, आणि त्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही.

आता वाटतं, कोणीतरी बोलायला हवं होतं. मला त्या न बोलण्याचा अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि अक्का उठून निघाली. भाऱ्यावर पान नव्हतं. तिने बाण मारला, आणि तो इतका सुरेख सुटला की चिक्कप्पांनी डोळे मिटून घेतले. पान लावलं की बोटं घट्ट. पान काढलं की दोरी लोण्यातून सुटल्यासारखी. चिक्कप्पांनी मोठं पान लावून पाहिलं, लहान लावून पाहिलं, जवळ आणलं, लांब नेलं. मग तेही थांबले. काटा घराच्या चौकटीत खोचून ठेवला, तो गंजतच गेला.

पुढे चिक्कप्पा गेले. राई गेली, केरेच्या काठाला कुंपण पडलं, धुकं आता येतं ते गाड्यांच्या धुरात मिसळून. मी लग्न करून दूर गेले. अक्का शाळेत गणित शिकवायची, तिथूनच निवृत्त झाली. भारा गच्चीवर आला. दर वर्षी नवं काड कुठूनतरी मिळवायची आणि स्वतः आवळायची. रोज सकाळी गच्चीच्या एका भिंतीशी ती, दुसऱ्या भिंतीशी भारा, डोळे मिटलेले, थप्प, थप्प. मी राहायला आले की त्या आवाजाने जाग यायची आणि मी पुन्हा लहान व्हायचे. समोरच्या टॉवरच्या बाल्कनीतून एकदा एका चिमुरडीने ओरडून विचारलं होतं, "आंटी, टार्गेट कुठंय?"

"इल्ला," अक्का म्हणाली होती. नाही. आणि पुढचा बाण लावला होता.

हे सगळं त्या पिंपावर बसून मला आठवत होतं. डोळे पुसून उठले, कोपऱ्यातलं अक्काचं धनुष्य उचललं. आजाराआधीच्या सकाळी उतरवलेली दोरी अजून तशीच कांबेला गुंडाळलेली होती. त्यामागे जुन्या लुगड्यात बांधलेलं आणखी काहीतरी होतं. सोडून पाहिलं तर माझं धनुष्य. दुसरीतलं. करंगळीएवढ्या कांबेचं, हलकं फूल, मुठीपाशी माझ्या दातांच्या खुणा, कारण मी ते चावायचे.

मी अक्काचं धनुष्य जागेवर ठेवलं आणि माझं घेऊन खाली आले.

"हे काय आणलंस? मी काय सांगितलं?"

"हे माझं आहे. घरी नेते. पण वाळून काटकी झालंय, तेल लावून दे. मला कळत नाही कुठे किती मुरतं ते."

"सुम्ने काहीतरी," ती पुटपुटली, उगाच काहीतरी या अर्थी. पण एरंडेलाची बाटली कुठे आहे तेही सांगितलं. डाव्या हाताने ती तेल चोळायला लागली, आणि कांब धरायला उजवा हात उशीवरून उठला. मी डाळिंब सोलत बसले, तिच्याकडे बघितलं नाही.

चार-पाच खेपा असंच तेल चाललं. मी नवी दोरी आणली, गच्चीवर ती चढवली, कांब कुरकुरली पण टिकली. मग मी भाऱ्यासमोर उभी राहिले. इतक्या वर्षांनी माझं कोपर कुठल्या कुठे गेलं होतं हे मला माहीत होतं, तरी मी ते जरा जास्तच वाकडं नेलं असेल. अक्का खुर्चीतून बघत होती. पहिला बाण भाऱ्याच्या कडेला लटकला.

"अगं गाढवे, कोपर! काय ते, पाणी शेंदतेस?"

"मग कसं?"

"आण इकडे."

ती तावातावाने उठली, धनुष्य हिसकून घेतलं आणि सवयीने डाव्या हातात धरलं. उजव्याने दोरी ओढायला गेली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. मी काही बोलणार, इतक्यात तिने धनुष्य दुसऱ्या हातात घेतलं. उजव्या हाताने धरलं, डाव्याने दोरी चिमटीत पकडली, आरशात बघितल्यासारखी उलटी उभी राहिली. बाण लावला नाही. बोटभर ओढली, परत आणली.

"असं," ती म्हणाली. घामेजली होती. "आता तू."

त्या दिवसापासून शिकवणी उलटी झाली. व्यायामाच्या मुलीला विचारलं, तिने धनुष्य हातात घेऊन पाहिलं, हसली, म्हणाली, एवढं हलकं चालेल, पण दुखलं की थांबायचं. दर रविवारी मी यायचे. अक्का धनुष्याशिवाय उभी राहायची, उजवा हात समोर, जमेल तितका वर, आणि मी तिच्या मनगटावर होंगेची शेंग ठेवायचे. कोपऱ्यावरच्या रस्त्यात एक होंगेचं झाड अजून आहे, पार्किंगवाल्यांच्या कृपेने. शेंग टपकन पडायची. अक्का चिडायची. मला म्हणायची, तू मुद्दाम वाकडी ठेवतेस. एकदा शेंग भिरकावून खाली निघून गेली आणि दार लावून बसली. दुसऱ्यांदा रडली, माझ्यासमोर, उघड्यावर, असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "मी सगळं नीट केलं होतं गं," म्हणाली. "रोज केलं होतं." मी शेंग पुन्हा ठेवली.

मधल्या एका तपासणीचा निकाल यायचा होता तेव्हा दोन रविवार तसेच गेले. मला रात्र रात्र झोप नव्हती. निकाल चांगला आला, तरी पुढच्या तपासणीची तारीख त्यावरच लिहिलेली होती. आता आमचं असंच चालायचं, एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत.

पण हात चढत होता. आधी कोपर मोकळं झालं, मग दंड. मग एका सकाळी शेंग राहिली, आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत श्वास धरून उभ्या. मग रिकामी दोरी, ओढायची, परत आणायची. मग बाण, डोळे मिटून, भाऱ्याला जवळजवळ नाक लावून. थप्प. आवाज चोरटा होता. अक्काने डोळे उघडून तोंड वाकडं केलं. तिला तिचा जुना आवाज ऐकू येत असणार. मला मात्र तेवढ्यानेच भरून आलं.

मागच्या रविवारी मी कॉफी करायला खाली गेले होते. पेले घेऊन वर आले तर अक्का भाऱ्यापाशी वाकली होती. तिथून सरली तेव्हा मला दिसलं, गवतात पान टोचलेलं होतं. होंगेचं, कोवळं, पोपटी. चौकटीतला तो जुना काटा तिने कधी काढला होता कोणास ठाऊक.

"अक्का, आज नको," मी म्हणाले.

तिने ऐकलं नाही. पुढे उभं राहायचं सोडून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली. उजवा हात उचलला. तो थोडा थरथरत होता, सूजही होती, पण खांद्यापर्यंत गेला आणि राहिला. डाव्या हाताने दोरी मागे आणली, हनुवटीपाशी. डोळे उघडे होते. खाली कोणाची तरी कॅब हॉर्न वाजवत होती. मला ती मोरपिशी साडी दिसली, चुरमुरे खाणारी माणसं दिसली, आणि मी मनात चिक्कप्पांचा साकु म्हणून टाकला. पुरे, परत आण, निधान.

दोरी सुटली. बाण पानाच्या देठापाशी घुसला आणि पान खाली वळून लोंबायला लागलं.

मी ओरडलेच काहीतरी. अक्का ओरडली नाही. ती धनुष्य खाली करून आपल्या डाव्या हाताकडे बघत होती, बोटं उघडून, मिटून, पुन्हा उघडून. किती वेळ बघत होती. मग हळूच गच्चीच्या कट्ट्यावर बसली.

"पुट्टी," ती म्हणाली, "हा हात होताच की गं. इतकी वर्षं. इथेच होता."

मी पेले ठेवले आणि तिच्याजवळ बसले. कॉफीवर साय धरली. उन्हं टॉवरच्या काचांवरून उतरून भाऱ्यावर आली, काडाचा तो गोड वास सुटला. धनुष्याची दोरी चढलेलीच होती. नियम आठवून मी उतरवायला हात पुढे केला.

"थांब," अक्का म्हणाली. डाव्या हाताने डोळे पुसले आणि तोच हात माझ्यापुढे धरला. "बाण दे."